भरती-ओहोटीच्या मधला संसार

पावसाळ्यात मोठ्या भरतीची वर्दी मिळाली, की मुंबईकरांची पावले मरीन ड्राइव्ह, वरळी आणि वांद्र्याच्या किनाऱ्याकडे वळतात. कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा अंगावर घेण्याचा हा सोहळा वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याच समुद्राच्या ओहोटीला मात्र सहसा कोणी प्रेक्षक लाभत नाही. पाणी मागे सरले की उरतात ते काळे ओबडधोबड खडक, त्यांवरचे निसरडे शेवाळ, कपारींत अडकलेला प्लास्टिकचा कचरा आणि नाकाला झोंबणारा वास. या दृश्यात थांबून पाहण्यासारखे काही असेल, असे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत नाही.

प्रत्यक्षात हाजी अली, ब्रीच कँडी, वरळी, वांद्रे येथील याच खडकांवर शहरातील एक अत्यंत दाट वस्ती नांदत असते. शंखगोगलगायी, बार्नेकल, कालवे, खेकडे, समुद्रफुले, स्पंज, प्रवाळ आणि हिरवी-पिंगट-तांबडी शैवले यांचा तो संसार आहे. कोकणच्या बोलीत अशा खडकाळ किनाऱ्याला ‘खडप’ म्हणतात. खडपावरची ही वस्ती वरवर अस्ताव्यस्त वाटली, तरी ती तशी नाही. कोणी किती उंचीवर राहावे याचे तेथे काटेकोर नियम आहेत आणि ते नियम घालून दिले आहेत भरती-ओहोटीने. ही उंचीची व्यवस्था लक्षात घेतली, म्हणजे किनाऱ्यावर पडणारा भराव किंवा उभी राहणारी भिंत नेमके काय हिरावून घेते, हेही ध्यानात येते.

तिथीची पाऊणपट

समुद्राला दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर ही वेळ काढण्याची जुनी, सोपी रीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती येते, असे हे गणित सांगते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. हिशेब ढोबळ असला, तरी घड्याळ व छापील कोष्टके नसलेल्या काळात मच्छीमारांचे काम त्यावर चालत असे.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले, म्हणजे सूर्य व चंद्र यांच्या ओढीची बेरीज होते. पौर्णिमा व अमावस्येच्या सुमारास पाणी सर्वाधिक वर चढते आणि तेवढेच खाली उतरते. हे उधाण होय. अष्टमीच्या सुमारास ही ओढ परस्परांशी काटकोनात येते आणि पाण्याची चढउतार मर्यादित राहते. ही भांगाची भरती होय. उधाण व भांग या दोन्हींचा पूर्ण प्रभाव त्या त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक अंतर पडते. दक्षिणेकडे हे अंतर कमी होत जाते. गोव्यापर्यंत ते जवळपास निम्म्यावर येते.

याचा अर्थ असा, की मुंबईच्या खडपावरील सर्वांत वरच्या खडकाला पाण्याचा स्पर्श पंधरवड्यातून मोजके दिवसच होतो, तर सर्वांत खालचा खडक मोजक्या दिवशी, तोही तासा-दोन तासांपुरता उघडा पडतो. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक वीतभर उंचीला पाण्याबाहेर राहण्याचा काळ बदलतो. तेथे राहणारे बहुतेक जीव मूळचे समुद्राचे आहेत. त्यांच्या दृष्टीने उन्हात तापलेला कोरडा खडक हे वाळवंटच असते. त्या वाळवंटात किती तास तग धरता येतो, यावर प्रत्येकाची जागा ठरते.

वरचा पट्टा : उन्हाशी सामना

सर्वांत वरच्या पट्ट्यात लाटांचे केवळ तुषार पोहोचतात. येथील खडकावर अनेकदा काळपट थर दिसतो. ती घाण नसून नील-हरित शैवलांसारख्या सूक्ष्मजीवांचा पापुद्रा असतो. त्यावर गुजराण करणारी, मिरीच्या वा वाटाण्याच्या दाण्याएवढी पेरिविंकल नावाची शंखगोगलगाय येथील मुख्य रहिवासी होय. ओहोटीच्या वेळी ती शंखाच्या तोंडावरील झाकण घट्ट लावून घेते आणि चिकट द्रवाच्या आधाराने खडकाला जेमतेम टेकून राहते. तापलेल्या दगडाशी स्पर्श जितका कमी, तितका ताप कमी. असे बंद घर करून ती कित्येक दिवस काढू शकते.

पावसाळ्यात या वरच्या खडकांचे रूप पालटते. आकाश ढगाळलेले, हवा दमट आणि लाटा उंच असल्याने एरवी कोरडा राहणारा भाग ओला राहतो. याच काळात कोकण व गोव्याच्या काही खडकांवर पोर्फायरा या शैवलाचे पातळ, जांभळट पापुद्रे उगवतात. जपानी सुशीभोवती गुंडाळली जाणारी ‘नोरी’ याच कुळातील शैवलापासून तयार होते. पाऊस सरला की हे पापुद्रे दिसेनासे होतात. या वर्गातील शैवले उरलेले वर्ष कोठे काढतात, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. १९४९ साली ब्रिटिश संशोधिका कॅथलीन ड्रू-बेकर यांनी त्याचा उलगडा केला. शिंपल्यांच्या आत वाढणारे सूक्ष्म तांबूस तंतू ही या शैवलाचीच दुसरी अवस्था असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तोवर हे तंतू वेगळीच वनस्पती मानले जात होते. या शोधामुळे जपानमधील नोरीच्या शेतीला शास्त्रीय पाया मिळाला.

मधला पट्टा : कालवे आणि बार्नेकल

दिवसातून दोनदा बुडणारा व दोनदा उघडा पडणारा मधला पट्टा हा खडपाचा बाजार म्हणावा असा गजबजलेला असतो. खडकावर पांढरट, टोकदार, ज्वालामुखीच्या लहानशा सुळक्यांसारखे जे कवच दिसते, ते बार्नेकल. शंख-शिंपल्यांसारखा दिसणारा हा जीव प्रत्यक्षात खेकडा आणि कोळंबीचा नातलग आहे. बालपणी तो पाण्यात मुक्त पोहतो. जागा पसंत पडली की डोके खडकाला टेकवून कायमचा चिकटतो, भोवती चुन्याचे घर बांधतो आणि पिसासारख्या पायांनी पाण्यातील अन्नकण ओढून घेतो. एकदा निवडलेली जागा त्याला बदलता येत नाही. ‘उत्क्रांती’चा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या जीवाच्या अभ्यासाला दिली होती.

बार्नेकलच्या खालोखाल कालवांची दाटी असते. त्यांच्या कवचाचा एक भाग खडकाला सिमेंटसारखा जडलेला असतो आणि कडा सुरीसारख्या धारदार असतात. अनवाणी माणसाचा पाय कापला जातो, तो बहुधा याच कडांनी. मुंबईच्या कोळीवाड्यांतील आणि कोकणातील स्त्रिया मोठ्या ओहोटीला खडपावर उतरून कालवे फोडतात. लहानशा लोखंडी हत्याराने वरचे कवच उचकटून आतला मऊ जीव काढायचा, हे काम कंबरेतून वाकून तासन्‌तास करावे लागते. पाणी परत चढेपर्यंतचा वेळ एवढीच त्यांची पाळी. होडी, जाळे वा भांडवल यांपैकी काहीही न लागणारी ही मासेमारी आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे यातील काहीच नाही, अशा घरांना तिचा मोठा आधार असतो. कालवांचे सुके किंवा कालवण ताटात वाढले जाते, तेव्हा त्यामागे असलेला हा खडप शहरवासीयांच्या क्वचितच ध्यानात येतो.

याच पट्ट्यात टोपीच्या आकाराचे लिंपेट दिसतात. ओहोटीत ते खडकाला इतके घट्ट चिकटतात की बोटांनी सुटत नाहीत. पाणी आले की सरकत सरकत खडकावरचा शेवाळी थर खरवडून खातात. लिंपेटच्या अनेक जाती चरून पुन्हा आपल्या नेमक्या जागी परततात. तेथे कवचाच्या कडेबरहुकूम खडक झिजलेला असतो. सतत दगड खरवडणारे त्यांचे सूक्ष्म दात लोहयुक्त खनिजाने बळकट झालेले असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील संशोधनानुसार, ताण सोसण्याच्या कसोटीवर तोवर तपासलेल्या सर्व जैविक पदार्थांत लिंपेटचे दात अव्वल ठरले. आठ तकटांचे चिलखत पांघरणाऱ्या कायटन या शेजाऱ्याच्या दातांत तर मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते.

खडकावरून मंदपणे सरकणारा, चामखिळींनी भरलेला, दगडाच्याच रंगाचा एक गोळा कधीकधी नजरेस पडतो. तो ऑन्किडियम गटातील जीव. ही कवच नसलेली गोगलगाय समुद्रकाठी राहूनही हवेत श्वास घेते आणि बहुतेकांच्या उलट ओहोटीतच चरायला बाहेर पडते. भरती आली की ती कपारीत शिरते.

सीमा कोण ठरवतो?

जीवांचे हे पट्टे जगभरच्या खडकाळ किनाऱ्यांवर कमी-अधिक फरकाने आढळतात. ते कशामुळे पडतात, याचे एक नामांकित उत्तर स्कॉटलंडमधील कंब्रे या बेटावर सापडले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी तेथे बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग केले. एक जात खडकाच्या वरच्या भागात, तर दुसरी खालच्या भागात राहत होती. कॉनेल यांनी काही ठिकाणी खालच्या जातीचे बार्नेकल काढून टाकले. तेव्हा वरची जात खालीही उत्तम वाढू लागली. खालचे पाणी तिला सोसत नव्हते असे नाही, तर जोमाने वाढणारे शेजारी तिला उखडून वा चिरडून टाकत होते. याउलट खालची जात वर जाऊ शकत नव्हती, कारण तेथील कोरडेपणा तिला मानवत नव्हता. हे संशोधन १९६१ साली प्रसिद्ध झाले. वरची मर्यादा ऊन व कोरडेपणा आखतो आणि खालची मर्यादा शेजारी व शत्रू आखतात, हे ढोबळ सूत्र त्यातून पुढे आले.

शत्रूचे महत्त्व अधोरेखित करणारा दुसरा प्रयोग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर झाला. रॉबर्ट पेन यांनी तेथील खडकाच्या एका पट्ट्यावरून शिंपल्यांवर ताव मारणारे तारामासे सातत्याने दूर केले. शिकारी गेल्यावर इतरांची भरभराट होईल, असे कोणालाही वाटले असते. झाले उलटे. निर्धास्त झालेल्या शिंपल्यांनी सारी जागा व्यापली आणि तेथील मोठ्या जीवांच्या १५ जातींपैकी ८ उरल्या. हे निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले. कमानीतला कळीचा दगड काढला की सारी कमान ढासळते, तसेच स्थान काही प्राण्यांना असते. पेन यांनी १९६९ मध्ये अशा प्राण्यांसाठी कळीच्या दगडावरूनच संज्ञा रूढ केली. पर्यावरणशास्त्रात आज ती सर्वत्र वापरली जाते, आणि तिचा जन्म जंगलात नव्हे, तर अशाच एका खडपावर झाला आहे.

मुंबईच्या खडपावरही शिकारी आहेत. जाड कवचाच्या काही शंखगोगलगायी बार्नेकल आणि कालवांच्या कवचाला भोक पाडून आतला जीव फस्त करतात. भोक पडलेली रिकामी कवचे खडकावर सहज सापडतात.

खालचा पट्टा : रंगांचे दालन

पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे पाणी सर्वांत खाली उतरते, तेव्हा दिसणारा पट्टा हे खडपाचे सर्वांत समृद्ध दालन होय. येथे ऊन कमी वेळ लागत असल्याने नाजूक शरीराचे जीव राहू शकतात. केशरी, पिवळे, जांभळे स्पंज दगडाच्या खालच्या बाजूला पसरलेले असतात. एकाच चटईत विणल्यासारखे झोअँथिड खडकच्या खडक झाकून टाकतात. पाणी असताना फुलासारखी उमलणारी समुद्रफुले, म्हणजेच सी ॲनिमोन, पाणी ओसरताच हात आखडून ओल्या गोळ्यासारखी होतात. नावात फूल असले, तरी हा मांसाहारी प्राणी आहे. डंख मारणाऱ्या पेशींनी तो लहान मासे व कोळंब्या पकडतो.

गढूळ पाण्याच्या या शहरात प्रवाळ असतील, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. परंतु गाळ सोसू शकणाऱ्या कठीण प्रवाळांच्या लहान वसाहती मुंबईच्या खडकांवर आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश असल्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण आहे. कपारीत दडलेला ऑक्टोपस, रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा हर्मिट खेकडा, पानासारखी दिसणारी एलिशिया ही कवचहीन गोगलगायही येथे भेटते. एलिशिया शैवलांचा रस शोषते आणि त्यातील हरितद्रव्याचे कण न पचवता आपल्या शरीरात साठवून ठेवते. तिचा हिरवा रंग असा उसना घेतलेला असतो.

ओहोटीत खडकांच्या खळग्यांत साचलेली डबकी ही या साऱ्यांची आश्रयस्थाने होत. अर्थात तेथेही सुख नाही. उन्हाने पाणी तापते, बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो, जोराची सर आली की तो एकदम घटतो. दिवसा शैवले पाण्यात प्राणवायू सोडतात, तर रात्री सर्वजण मिळून तो वापरून टाकतात. ओंजळभर पाण्यात एका दिवसात एवढी उलथापालथ होत असते.

शैवले : मुळांविना वाढणारे रान

समुद्रातील शैवलांना झाडे म्हणण्याची पद्धत असली, तरी त्यांना मुळे, खोड, फुले वा बिया नसतात. तळाशी असलेल्या पंजासारख्या भागाने ती खडकाला केवळ धरून राहतात आणि पोषण संपूर्ण शरीराने पाण्यातूनच घेतात. म्हणून त्यांना माती नव्हे, तर पक्का खडक लागतो. कोकणाला तो भरपूर लाभला आहे. उत्तरेस मुंबईपर्यंत काळा पाषाण, तर दक्षिणेस रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याच्या जोडीला जांभा.

रंगावरून शैवलांचे तीन गट मानले जातात. उल्वा हे कोबीच्या पातळ पानासारखे हिरवे शैवल मुंबईत सर्वांच्या परिचयाचे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद त्याला मानवतात. त्यामुळे नाल्याच्या मुखाजवळ हिरवागार गालिचा पसरलेला दिसला, तर ते आरोग्याचे लक्षण समजू नये. पिंगट शैवलांत पंख्याच्या आकाराचे पदिना आणि हवेच्या लहान फुग्यांच्या आधारे पाण्यात उभे राहणारे सारगॅसम येते. सारगॅसमचे दाट ताटवे मालवणच्या समुद्रात पाहावयास मिळतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. ग्रॅसिलॅरिया, जेलिडियम, हिप्निया ही तांबड्या गटातील शैवले होत.

या गटांचा संबंध शहरातल्या स्वयंपाकघराशी रोजचा आहे. पुडिंगसाठी वापरले जाणारे चायना ग्रास म्हणजे आगर, ते जेलिडियम व ग्रॅसिलॅरियापासून काढतात. प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करण्यासाठीही आगरच लागते. आइस्क्रीमला दाटपणा आणणारे कॅरागीनन तांबड्या शैवलांतून, तर कापडछपाई व औषधनिर्मितीत लागणारे अल्जिनेट पिंगट शैवलांतून मिळते.

कोकणात पावसाळ्यातील लाटांचा मारा, गढूळ पाणी आणि घटलेला खारटपणा यांमुळे बहुतेक शैवलांचा बहर ओसरतो. ऑक्टोबरनंतर ती पुन्हा वाढू लागतात आणि हिवाळ्यात खडप भरून जाते. डेन्मार्कचे शैवलतज्ज्ञ फ्रेडरिक बर्गेसन यांनी १९२७-२८ च्या भारतभेटीत मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यांवरून शैवलांचे नमुने गोळा केले आणि पुढील काही वर्षांत त्यांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. पश्चिम किनाऱ्यावरील शैवलांच्या अभ्यासाचा तो एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

भराव, भिंत आणि हरवलेली उंची

मुंबई हे शहरच समुद्र हटवून घडलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खाडीचे तोंड हॉर्नबी वेलार्डने बंद केले. विसाव्या शतकात बॅकबेचा भराव आणि मरीन ड्राइव्ह झाले. पश्चिम किनाऱ्यावरचे मलबार हिल ते वरळी हे खडक मात्र बऱ्याच अंशी टिकून होते. त्यांच्यावर मोठा आघात झाला तो सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपूल ते वांद्रे-वरळी सागरी सेतू अशा १०.५८ किलोमीटरच्या या प्रकल्पाची किनारपट्टी नियमन क्षेत्राची मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी रद्द केली. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिल्यावर काम पुन्हा सुरू झाले. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचतो, याविषयी दुमत नाही.

दरम्यान २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, दुसरीकडे हलवण्यात आल्या. कायद्याने संरक्षित जीवासाठी ही खबरदारी आवश्यकच होती. परंतु त्यामुळे एक प्रश्न झाकला जातो. प्रवाळ उचलून नेता आले. त्यांच्या शेजारचे स्पंज, झोअँथिड, बार्नेकल, कालवे, शैवले यांचे काय? त्यांची नावे अनुसूचीत नसल्याने त्यांची मोजदाद होण्याचे कारण नव्हते. शिवाय भरावाखाली जे गाडले गेले, ते केवळ काही हेक्टर क्षेत्र नव्हते. शतकानुशतके लाटांनी कोरलेल्या कपारी, डबकी आणि तुषारांच्या रेषेपासून सखल खडकापर्यंतचा तो सलग उतार, म्हणजे सर्व जीवांच्या जागा ठरवणारी उंचीची शिडीच नाहीशी झाली.

नव्या संरक्षक भिंतींवर व टेट्रापॉडवरही जीव वाढतात, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे. काँक्रीटवर बार्नेकल आणि कालवे लवकर बस्तान बसवतात. मात्र जेथे उतारावर चार मीटरची चढउतार पंचवीस-पन्नास मीटर लांबीवर पसरलेली होती, तेथे उभ्या भिंतीवर ती चार मीटरांतच आटोपते. प्रत्येक पट्टा हातभर उरतो. पाणी साठवणारी डबकी तर नसतातच. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदराच्या भिंतींवर संशोधकांनी पाणी धरून ठेवणाऱ्या कुंड्या बसवून पाहिल्या, तेव्हा तेथील जातींची संख्या वाढल्याचे आढळले. भिंत बांधणे अटळच असेल, तर ती कशी बांधावी, याचे उत्तर अशा प्रयोगांत आहे.

समुद्राची पातळी वाढत असल्याने या प्रश्नाला आणखी एक पदर आला आहे. पाणी वर चढले की खडपावरचे सारे पट्टेही वर सरकू पाहतात. मागे मोकळा उतार असेल तर ते शक्य होते. मागे भिंत वा रस्ता असेल, तर वरचे पट्टे सरकणार कोठे? एका बाजूने समुद्र व दुसऱ्या बाजूने काँक्रीट, अशा चिमट्यात ही वस्ती सापडते.

या नुकसानीची झळ केवळ मुक्या जीवांना बसत नाही. मोठ्या बोटींच्या मासेमारीची मोजदाद होते. ओहोटीला पाटी घेऊन खडपावर उतरणाऱ्या स्त्रीच्या कमाईची क्वचितच होते. जे मोजलेले नसते, त्याची भरपाई मागणे कठीण जाते.

पाहायला जाताना

गेल्या काही वर्षांत या किनाऱ्याविषयी शहरात कुतूहल वाढले आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून स्वयंसेवक नागरिकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेतात आणि दिसलेल्या जीवांची छायाचित्रांसह नोंद ठेवतात. अशा शेकडो जातींच्या नोंदी आता कोणालाही पाहण्यासाठी उपलब्ध आहेत. अधिकृत पाहणीत जे सुटते, ते सामान्य नागरिकांच्या नोंदवहीत सापडू शकते, हे या उपक्रमाने दाखवून दिले आहे.

खडपावर जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य. पावसाळ्यात खडकावर उतरणे जिवावर बेतते आणि दरवर्षी तसे प्रसंग घडतात. पौर्णिमा वा अमावस्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस निवडावेत आणि ओहोटीच्या किमान वेळेच्या तासभर आधी पोहोचून, पाणी फिरताच परतावे. भरतीचे पाणी अनेकदा मागच्या घळीतून येऊन वाट अडवते. पायात घट्ट तळव्याचे बूट हवेत. शक्यतो कालवे व शैवलांवर पाय न देता उघड्या दगडावरून चालावे. दगड उलटून पाहिल्यास तो जसा होता तसाच ठेवावा. उलटा राहिलेला दगड म्हणजे त्याखालच्या साऱ्या वस्तीला मृत्युदंड होय. कोणत्याही जीवाला हात लावू नये. शंकूच्या आकाराच्या काही शंखांचा डंख विषारी असतो, तर काही झोअँथिडमध्ये अतिशय तीव्र विष असते. रिकामे शंखही घरी आणू नयेत. ते हर्मिट खेकड्याचे उद्याचे घर असते.

मुंबईत राणीची बाग पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशशुल्क असते. खडपावरचे हे दालन दिवसातून दोनदा, विनामूल्य उघडते आणि कोणाचीही वाट न पाहता बंद होते. ते किती काळ उघडत राहील, हे आता केवळ चंद्रावर अवलंबून राहिलेले नाही.